लोटले की लावले

सरांचं दिवसकार्य उरकल्यावर आठवड्याभरात त्यांचा पुतण्या दोन कापडी पिशव्या घेऊन आमच्या प्रेसवर आला. नारायण पेठेतली आमची जागा दुसऱ्या मजल्यावर आहे आणि जिना अरुंद. वर येईस्तोवर त्याला धाप लागली होती. पिशव्या माझ्या टेबलावर ठेवून तो म्हणाला, "काकांच्या वह्या आहेत. बिबवेवाडीचा फ्लॅट रिकामा करतोय. रद्दीत घालायला हात धजेना. तुम्हीच त्यांचं लिहून द्यायचात ना सगळं?"

"त्यांच्या मुलीला विचारलंत का?" मी म्हटलं.

"विचारलं. मला त्यातलं काही नको म्हणाली."

मी पिशव्या ठेवून घेतल्या.

सर म्हणजे माझे शिक्षक नव्हेत. ते एका शाळेत मराठी शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना सर म्हणायचे आणि मीही. त्यांचे तीन कवितासंग्रह आमच्याकडे छापले गेले. शिवाय पाच-सहा एकांकिका आणि एक दोनअंकी नाटक. फार मोठं नाव नव्हतं, पण कवितेतलं कळणाऱ्या माणसांत त्यांना मान होता. मी प्रेसमध्ये मुद्रितं तपासायचं काम करते. तिशीच्या आत लागले, आता साठीला आले. सरांचं अक्षर इतकं वाईट होतं की आमचा टाइप करणारा कागद हातात घेऊन म्हणायचा, "ही कविता आहे की मुंग्यांची वरात?" शेवटी मालकांनी, म्हणजे आताच्या मालकांच्या वडिलांनी, ते काम माझ्यावर टाकलं. सरांच्या वहीतून मी कविता सुवाच्य उतरवून काढायची, सरांना वाचून दाखवायची, आणि मग ती टाइपला जायची.

हे वाचून दाखवणं मला आवडायचं. सर समोरच्या स्टुलावर बसायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि एखादा शब्द चुकला की डोळे न उघडता म्हणायचे, "बाई, मी एवढा वाईट कवी नाहीये." मग आम्ही दोघंही हसायचो.

मुलगी दहावीत असताना त्यांची पत्नी गेली. त्यानंतर बिबवेवाडीच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बाप-लेक दोघंच. मुलीला मी तेव्हा दोनदाच पाहिलं होतं. उंच, सावळी, बोलण्यात वडिलांसारखीच तिरकस. तिने लग्न ठरवलं ते धायरीच्या मुलाशी. त्यांची घरची शेती होती, त्यातली निम्मी बिल्डरकडे गेलेली, आणि मुलाचं बांधकामाच्या सामानाचं दुकान. सरांना ते मान्य नव्हतं. मला त्यांनी एकदाच, चहा पिता पिता सांगितलं, "मी तिला म्हटलं, ज्या घरात पुस्तक म्हणजे पासबुक, तिथे तू करणार काय?" हे वाक्य त्यांना आवडलेलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. महिन्याभरात कळलं की मुलगी घर सोडून गेली आणि तिने नोंदणी पद्धतीने लग्न केलं. सर गेले नाहीत.

त्या वर्षीच्या दिवाळी अंकात त्यांची एक छोटी कविता आली. अंक आमच्याकडेच छापला जायचा. कविता अशी संपते:

तू गेलीस, जिन्यावर ऊन सांडले.
मी उठलो. हलकेच दार लावले.

त्यांची तेवढी एकच कविता गाजली. लोकांनी पत्रं पाठवली. कुणी म्हणालं, बापाचा राग एवढ्या कमी शब्दांत कुणी मांडला नव्हता. 'हलकेच' या शब्दावर तर एका समीक्षकांनी अख्खा परिच्छेद लिहिला. दार आदळणारा बाप सगळ्यांना माहीत असतो, पण हलक्या हाताने लावलेलं दार पुन्हा उघडत नसतं, असं काहीतरी.

अंक छापून आला त्या दिवशी सर प्रेसवर आले होते. मला तो दिवस लख्ख आठवतो. त्यांनी स्टुलावर बसून अंक उघडला, पान काढलं आणि बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले. मला वाटलं, मुलीची आठवण आली असेल. मग त्यांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, "बाई, तुम्ही अक्षर वाचता की माणूस?"

मी ती शाबासकी समजले. लाजून म्हटलं, "इतकी वर्षं वाचतेय सर, सवय झाली."

"हं," ते म्हणाले. "शब्द बसलाय मात्र चांगला."

"कुठला, सर?"

"असू दे," म्हणत ते उठले, दोन अंक घेतले आणि जिना उतरून गेले.

पुढच्या वर्षी त्यांनी त्याच विषयावर एकांकिका लिहिली. एका हौशी संस्थेने ती स्पर्धेत केली. घर सोडून गेलेली मुलगी दारावर थाप मारते, बाप आतून कडी घालतो आणि खुर्चीत येऊन बसतो, असा शेवट होता. मी प्रयोगाला गेले होते. कडीचा आवाज झाला आणि टाळ्या पडल्या. सर माझ्या शेजारी होते. त्यांचे हात मांडीवरच होते. मला वाटलं, लेखकाने स्वतःच्या नाटकाला टाळ्या वाजवू नयेत म्हणून.

त्यानंतर वीस-बावीस वर्षं गेली. मुलगी आली नाही, सर गेले नाहीत. बिबवेवाडी ते धायरी म्हणजे काही परगाव नव्हे, एकाच शहराची दोन टोकं. सर निवृत्त झाले, एकटे राहिले, मग अर्धांगाचा झटका आला. दिवसभरासाठी एक बाई ठेवली होती. मी महिन्यातून एकदा जायचे. एकदा मी निघताना त्यांनी अडखळत विचारलं, "धायरीला बस कुठून जाते हो?"

"स्वारगेटवरून जाते, सर. जायचंय का? मी येते बरोबर."

"नाही. विचारलं नुसतं."

आणखी एकदा विचारलं असतं तर, असं मला आता वाटतं. तेव्हा मी पिशवी उचलली आणि निघाले. मला घरी जाऊन कुकर लावायचा होता.

ते गेले तेव्हा मुलगी आली होती. खोलीच्या कोपऱ्यात, कपाटाला टेकून उभी. तिच्या नवऱ्याने खांदा दिला. ती पुढे झाली नाही, रडलीही नाही. कुणीतरी मागे कुजबुजलं, "कशी दगडासारखी उभी आहे बघा." मलाही, खरं सांगायचं तर, तसंच वाटलं.

तर त्या पिशव्या. आमचे आताचे मालक माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत. त्यांनी वह्या बघितल्या आणि म्हणाले, "सगळं एकत्र काढू या. कविता, नाटकं, एकच पुस्तक. संपादन तुम्ही करा. पण दिवाळीच्या आत हवं हं बाई, तुमचं तपासणं मोक्षापर्यंत चालतं."

मी सगळ्या प्रती गोळा केल्या. सरांच्या कच्च्या वह्या, त्यांनी स्वतः केलेली पक्की वही, मी उतरवलेले कागद, छापील अंक, नाटकांच्या टाइप केलेल्या प्रती, आणि हौशी संस्थेतल्या एका गृहस्थांकडे राहिलेली प्रॉम्प्टरची प्रत. एकेक कविता घ्यायची, सगळ्या प्रती शेजारी मांडायच्या आणि कुठे कुठला शब्द बदललाय ते टिपायचं. पाठभेद म्हणतात त्याला. बहुतेक फरक किरकोळ असतात. कुठे 'परंतु'चं 'पण' झालेलं, कुठे एखादी ओळ खाली सरकलेली. नाटकात तर नटांनी तालमीत बदललेली वाक्यं प्रॉम्प्टरने तशीच लिहून घेतलेली, आणि समासात 'इथे खोकला' अशी टीप. महिनाभर मी त्यात रमले होते. सरांशी पुन्हा बोलल्यासारखं वाटत होतं.

त्या कवितेची पाळी आली ती एका दुपारी. कच्ची वही उघडली. खाली तारीख घातलेली, वर कविता, एकही खाडाखोड नाही. मी वाचत गेले आणि शेवटच्या ओळीवर थांबले. 'ल'च्या काना-मात्रेतली मात्रा अगदी पुसट होती, पण होती. पुढचं अक्षर एरवी मी 'व'च धरलं असतं, कारण सरांचा 'ट' गाठ मारल्यासारखा असायचा. मी वही खिडकीशी नेली, भिंग लावलं. त्याच पानावर वर 'वाट' हा शब्द होता, त्यातला 'ट' ताडून पाहिला. तोच.

मी उठलो. हलकेच दार लोटले.

दार लावणं वेगळं आणि लोटणं वेगळं, हे मराठी घरात सांगावं लागत नाही. कुणी परत येणार असलं की आपण म्हणतो, "दार नुसतं लोटून घे, कडी घालू नकोस." ढकललं की उघडतं. मुलगी गेल्यावर बाप उठला आणि त्याने दार लोटून ठेवलं होतं. ते लावलं मी.

मी माझी प्रत शोधली. माझंच गोल, सुवाच्य अक्षर: 'लावले'. ती कविता उतरवल्याचं मला काहीही आठवत नाही. एवढंच आठवतं की त्या महिन्यात सर प्रेसवर येत नव्हते, अंकाची घाई होती आणि पाच-सहा कविता मी त्यांना वाचून न दाखवताच टाइपला दिल्या होत्या. वृत्तानेही मला अडवलं नाही. दोन्ही शब्द मापात सारखेच बसतात.

दोन्ही कागद पालथे ठेवून मी टेबल आवरायला लागले. मालकांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "डोळ्यांवर ताण आलाय," आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या प्रती पाहिल्या, आणि मग आणखी कळत गेलं. सरांच्या घरातला तो दिवाळी अंक पिशवीतच होता. त्या पानावर छापील 'लावले'खाली पेन्सिलीची बारीक रेघ होती. शेजारी समासात सरांनी 'लोटले' लिहिलं होतं. आणि मग ते लिहिलेलं स्वतःच खोडलं होतं. पक्क्या वहीत त्यांच्याच हाताने 'लावले'. एकांकिकेच्या कच्च्या वहीत शेवटाला कंसात लिहिलेलं: 'तो दार पुढे करतो. कडी घालत नाही.' प्रॉम्प्टरच्या प्रतीत: 'कडी घालतो. आवाज आला पाहिजे.'

म्हणजे अंक हातात पडला त्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं होतं. मग पत्रं आली, वाहवा झाली आणि त्यांनी माझी चूक ठेवून घेतली. कवीला ती आवडली होती. बापाचं काय झालं ते मला कळेना.

सगळ्यात शेवटची वही झटक्यानंतरची. अक्षरं थरथरलेली, ओळी उतरत गेलेल्या. त्यात त्यांनी जुन्या काही कविता आठवून पुन्हा लिहायला घेतल्या होत्या. ही कविता तिथेही होती. शेवटची ओळ अशी: 'मी उठलो. हलकेच दार'. पुढे जागा सोडलेली. चुकून राहिलेली नव्हे, कारण त्या जागेनंतर पूर्णविराम दिला होता.

मी मालकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तळटीप टाका आणि मोकळ्या व्हा. एका शब्दाने कोण मरतंय?"

मला मोकळं होता येईना. आठ-दहा दिवस मी कामच केलं नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "त्या बाईला सांगून तिला काय मिळणार? आता माणूसच नाही." तेही खरं होतं. पण तिने एकदा तरी ती कविता वाचली असणार, हे डोक्यातून जाईना. शेवटी पुतण्याकडून पत्ता घेऊन मी धायरीला गेले. कच्ची वही आणि शेवटची वही पिशवीत घातली. दिवाळी अंक मुद्दाम घरी ठेवला. सगळा दोष माझ्यावर घ्यायचा, असं मी ठरवलं होतं. वडिलांनी जाणूनबुजून ते राहू दिलं, हे तिला कशाला कळायला हवं?

खाली दुकान आणि वर घर. दाराशी एक म्हातारी लसूण सोलत बसली होती, तिची सासू. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाली, "वडलांच्या प्रेसमधल्या व्हय? या की आत. ती हाय वर. अगं, पाव्हण्या आल्यात बघ!"

मुलगी आली. आता तिचेही केस कानापाशी पांढरे झालेत. तिने पाणी दिलं, समोर बसली आणि म्हणाली, "पुस्तकासाठी सही वगैरे हवी असेल तर देते. माझी काही हरकत नाही."

माझ्या हातून शब्द कसा बदलला ते मी सांगितलं. वही उघडून पुढे ठेवली, शब्दावर बोट ठेवलं. ती वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "मला नाही लागत. मला त्यांचं अक्षर कधीच लागलं नाही. तुम्ही वाचा."

मी पूर्ण कविता वाचली. शेवटची ओळ वाचल्यावर ती म्हणाली, "परत."

मी परत वाचली.

ती उठून खिडकीशी गेली. बराच वेळ खाली दुकानात कुणीतरी सळया मोजत होतं, तो आवाज येत राहिला. मग ती पाठमोरीच बोलायला लागली.

"त्या दिवाळीत मी जाणार होते. पाडव्याला. दर वर्षी पाडव्याला मी त्यांना ओवाळायचे. आई गेल्यापासून तर मीच. ह्यांनी सांगितलं होतं, मी येतो बरोबर, खाली थांबतो, तू वर जा. सासूबाईंनी करंज्या बांधून दिल्या होत्या. दोन दिवस आधी मी अप्पा बळवंत चौकात गेले, त्यांचं काही आलंय का बघायला. दर वर्षी घ्यायचे मी तो अंक. तिथेच दुकानापुढे उभी राहून वाचली. वाटलं, एवढं स्पष्ट सांगितलंय, छापून सांगितलंय, तर आता कशाला जायचं?"

"माझी चूक आहे," मी म्हटलं. "सगळी माझी. मी त्यांना वाचून दाखवायला हवी होती."

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखत होते. चष्मा काढून सर असेच बघायचे.

"त्यांना कळलं नव्हतं?" तिने विचारलं. "स्वतःच्या कवितेतला शब्द बदललेला? त्यांना? वाण्याच्या पुडीवरची ऱ्हस्व-दीर्घं सुधारायचे ते."

ठरवलेलं खोटं तोंडात आलं होतं, पण बोलता आलं नाही.

"कळलं होतं ना?"

"हो," मी म्हटलं. आणि मग अंकातली पेन्सिलीची रेघ, पक्की वही, प्रॉम्प्टरची कडी, सगळं सांगितलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"तुम्ही कशाला रडताय?" ती म्हणाली. "तुमची चूक आठ दिवस टिकली असेल. पुढची वीस वर्षं त्यांनी सांभाळली." मग म्हणाली, "आणि मीही. दार लावलंय म्हणून कुणीतरी लिहिलं, ते मी मानलं. जाऊन ढकलून बघितलं असतं तर कळलं असतं."

"झटका आला तेव्हा दवाखान्यात तरी आल्या होतात का तुम्ही?" मी विचारलं.

"दोनदा. झोपलेले होते दोन्ही वेळा. उठवलं नाही."

मी शेवटची वही काढली आणि ती सोडलेली जागा दाखवली. ती जागा मात्र तिला वाचता आली. तिने त्यावरून हात फिरवला, वही मिटली आणि माझ्या हातात दिली.

"यातलं कुठलं छापू?" मी विचारलं.

"तुम्हाला योग्य वाटेल ते. कविता त्यांची आहे."

तेवढ्यात सासू जिना चढून वर आली. सुनेचं तोंड बघून तिने मला काही विचारलं नाही. पिशवीत चार पेरू घातले आणि म्हणाली, "सांभाळून जा बाई, रस्त्याला लई गर्दी हाय." मुलगी दारापर्यंत आली नाही.

पुस्तकात मी 'लोटले' छापलं. मालकांनी कपाळाला हात लावला. "लोकांना पाठ आहे ती कविता! आता सगळे म्हणतील, छापताना चूक झाली." मी म्हटलं, "चूक आधीच झालीय. आता दुरुस्त करतेय." मागच्या टिपांत सगळ्या प्रतींतले पाठ क्रमाने दिले. सोडलेली जागाही सांगितली. 'लावले हा पाठ मुद्रणप्रत तयार करणारीच्या वाचनदोषामुळे आला' असं लिहिलं. ते वाक्य मी सात-आठ वेळा लिहिलं आणि खोडलं. एवढं कोरडं कसं लिहावं ते कळत नव्हतं, पण टिपेत दुसरं काय लिहिता येतं?

प्रकाशनाला पंचवीस-तीस माणसं होती. एका ज्येष्ठ गृहस्थांनी भाषणात तीच कविता म्हटली, आणि सवयीने 'दार लावले' म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मुलगी आली नव्हती. तिची प्रत मी कुरियरने पाठवली.

दोन-तीन आठवड्यांनी दुपारी तिचा फोन आला. मी गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढत होते.

"पुस्तक मिळालं," ती म्हणाली. "टिपांत एक चूक आहे तुमची."

"कुठली?"

"तुम्ही लिहिलंय, ही कविता कन्येच्या विवाहानंतरची. वहीत तिच्याखालची तारीख पाहिली होती मी त्या दिवशी. पुन्हा सांगता का जरा?"

वह्या घरीच होत्या. मी कपडे खुर्चीवर टाकले, वही काढली आणि तारीख वाचून दाखवली.

"लग्न दुसऱ्या दिवशी झालं," ती म्हणाली. "मी घरातून निघाले तो हा दिवस. दुपारी. तुम्हाला माहीत नसणार. मी धायरीला नव्हते गेले. समोरच्या बिल्डिंगमध्ये माझी मैत्रीण राहायची, तिच्याकडे होते. तिच्या गॅलरीतून आमचा जिना दिसायचा. चार वाजल्यापासून दिवेलागणीपर्यंत मी तिथे उभी होते. वाटत होतं, खाली येतील. चप्पल घालून निदान कोपऱ्यापर्यंत तरी येतील. आले असते तर मी गेले असते हो परत. लग्न नसतं मोडलं, पण त्यांना घेऊन गेले असते."

मी उघड्या वहीतली तारीख पुन्हा एकदा पाहिली.

"म्हणजे ते तेव्हा हे लिहीत बसले होते," ती म्हणाली.

मी म्हटलं, "पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करते मी."

"पुढची आवृत्ती निघेल असं वाटतं तुम्हाला?"

"नाही."

"मग राहू दे," ती म्हणाली. "कधी आलात इकडे तर या. सासूबाई विचारत असतात, त्या प्रेसवाल्या बाई पुन्हा आल्या नाहीत म्हणून."

मी येईन म्हटलं. फोन ठेवल्यावर माझ्या प्रतीतलं टिपांचं पान काढलं. 'विवाहानंतर' खोडलं आणि वर पेन्सिलीने 'विवाहाच्या आदल्या दिवशी' असं लिहिलं. बाकीच्या प्रती तोवर दुकानांत गेल्या होत्या.